मरळ आणि हिंगाची गोळी

तळ्याच्या काठावर बब्बूचाचा कुणाला 'मासा' म्हणू देत नाहीत. तिथे मासा म्हणजे पाहुणा. चुकून कुणाच्या तोंडून शब्द निघालाच, तर चाचा कपाळाला हात लावतात. "झालं! आयकलं ना त्यायनं! आता बसा दिवसभर बोंबलत!" मग पाण्याकडे वळून अदबीने, "नवा मानूस हाये, माफ करा."

कामरगावच्या बाजारात चाचांचं गाद्या भरायचं दुकान आहे. दाढीत कायम कापूस. इतवारी दुकान बंद, तळं चालू. पण एकटे कधी जात नाहीत. गळाला दोरा कुठून बांधतात हेसुद्धा ज्याला ठाऊक नाही, असा नवशिका धरून नेतात. यंदा त्यांच्या तावडीत आम्ही दोघं सापडलो: गावातल्या शाळेचा मास्तर मी, आणि औषधांचं दुकान चालवणारा गजानन.

मला मरळ पाहिजे होती. साधीसुधी नाही, इज्जतीची. दर शनिवारी मी घरी जाहीर करायचं, रविवारी बायकोने मसाला वाटून ठेवायचा आणि संध्याकाळी तो वांग्यात जायचा. "आज चांगलं मोठं वांगं लागलं हो गळाला," ती म्हणायची. आता तर शेजारीपाजारीही विचारू लागले होते.

चाचांच्या शिकवणीत नियमच नियम. लाल शर्ट नको. शिंकायचं नाही. बूड हलवायचं नाही. आणि आमिष एकच, हिंग घालून मळलेली कणकेची गोळी. "मरळ हिंगावर जान देते, मास्तर!" आम्ही गोळी लावून बसायचो. पाण्यावर तरंगत ठेवलेली मोरपिसाची दांडी ढिम्म हलायची नाही. गजानन कुरकुरला की चाचांचं उत्तर ठरलेलं. "सबर कर ना बावा. पानी कुठी पळून राह्यलं का?"

आणि लगेच डबा उघडायचे. अंड्याचं कालवण, भाकरी, ठेचा, वर शेवयांची खीर. सगळं पहाटे उठून स्वतः केलेलं. चाची जाऊन बरीच वर्षं झाली, दोघी पोरी लग्न होऊन लांब गेल्या. "घ्या ना, लय हाये अजून," म्हणत चाचा आमच्या नरड्यापर्यंत भरायचे.

एका रविवारी जेवण झाल्यावर चाचा बाभळीखाली आडवे झाले. माझ्या गोळ्या संपल्या होत्या. त्यांना कशाला उठवा, म्हणून मी एक दगड उलटला, खाली गांडूळ होतं, तेच गळाला लावलं. आणि काय सांगू तुम्हाला! दांडी बुडाली, काठी वाकली, मी "मासा! मासा!" म्हणून बोंब ठोकली. गजानन चिखलात पालथा पडून माशाला कवटाळून बसला, तेव्हा कुठे तो बाहेर आला. हातभर मरळ!

चाचा उठून बसले. आता शिव्या खाव्या लागणार, असं मला वाटलं. त्यांनी गळावर लोंबणारा गांडुळाचा तुकडा पाहिला आणि डब्याची झाकणं लावू लागले.

गजाननने विचारलं, "चाचा, मरळ कणीक खातच नाही का?"

"नाही खात."

"मंग आमाले काहून देत होते?"

"पयले एक साहेब यायचे माह्यासंगं. त्यायले मरळ भेटली, लय खूश झाले. पुढच्या इतवारी आलेच नाही. त्यायच्या आंधीचाबी तसाच. मासा भेटला का मानूस येत नाही, मास्तर." तळ्यावर त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "आता तुमीबी कायले येसान?"

हा बाबा आमच्या मरळी चुकवत होता, ते फक्त जेवायला दोन माणसं सोबत असावीत म्हणून!

घरी मरळीचा रस्सा झाला. बायको पहिल्यांदाच टोमणा न मारता जेवली. खरं सांगतो, मला मात्र तो दोन घासांपलीकडे गेला नाही.

पुढच्या रविवारी गजानन आणि मी दुकानापाशी हजर. चाचा पायरीवर बसले होते. काठ्या आतच होत्या, पण भरलेला डबा शेजारी होता.

मी हात पुढे केला. "चाचा, गोळ्या द्या."

चाचांनी खिशातून कणकेचा गोळा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"आज हिंग थोडा जास्त टाकला," ते म्हणाले.

बायकोला मी निघतानाच सांगून आलो होतो, मसाला वांग्याचाच वाट.