अर्क की चूर्ण

उमरखेडच्या रहमतचाचा टेलरनी एकाच कोटाची डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली. उसवून पुन्हा तशीच लावली. तेव्हा त्यांच्या बायकोनं, हुस्नाबीनं, मशीनचा पट्टा काढून ठेवला. सतरा दिवस चाचांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दिवसा ते तरंगत असत. टेप गळ्यात असून टेप शोधत, गिऱ्हाईक बोलत असलं तरी पंख्याकडे पाहत राहत. कोट ढाणकीच्या भगवानरावांच्या मुलाचा, कपिलचा होता. लग्न परवावर आलं होतं.

हुस्नाबी गोपालच्या जडीबुटीच्या दुकानात गेली. "झोपेसाठी असगंध पाह्यजे."

गोपालनं एक बाटली आणि एक डबी समोर ठेवली. "हा अर्क, हे चूर्ण. कोनतं देऊ?"

"चांगलं कोनतं?"

"चूर्णवाले चूर्ण चांगलं म्हनतात. अर्कवाले अर्क."

एवढ्या सल्ल्यावर ठरवणार काय! हुस्नाबीनं दोन्ही उचललं. नको ते परत करायचं, मात्र झाकण उघडलं तर गोपाल परत घेणार नव्हता. त्यामुळे घरी एकमत होईपर्यंत चाचांना थेंबही मिळणार नव्हता की चिमूटही.

"अम्मी, अर्कच द्या," सून नाहिद म्हणाली. "चूर्ण अब्बांच्या घशाले चिकटते. ठसका लागला त आलेली झोप पयून जाईन."

"अन् अर्क कडू लागला त? तोंड वाकडं करून बसतीन. चूर्ण दुधात कालवलं का कसं, पोटाले आधार."

"मले कोनी इचारन का?" दिवाणावर आडवे झालेले चाचा म्हणाले.

"तुमी चूप राहा!" दोघी एकदम म्हणाल्या.

तेवढ्यात भगवानराव कोट न्यायला आले. उलट्या बाह्या पाहून त्यांचा चेहरा उतरला. पण बाटली आणि डबी दिसताच ते खुर्ची ओढून बसले. "चूर्णच, भाभी. पन दुधात कायले? तुपात चाटवा."

"तुपानं छातीत जड होते!" नाहिद म्हणाली.

"मंग मधात."

"मध गरम पडते!"

चाचांना ते शब्द लांबून येऊ लागले. अर्क, चूर्ण, अर्क, चूर्ण. मशीनचं पायडल कोणीतरी संथ लयीत चालवतंय असं वाटलं. खिडकीतून येणारं दुपारचं ऊन पांघरुणासारखं अंगावर पसरलं. पुढे कापसाचं शेत लागलं. बोंडं फुटून वर तरंगत होती आणि चाचा एका मोठ्या ढगाला अस्तर लावत होते. ढग मापाला अगदी बरोबर बसला.

"भाभी," भगवानराव दबक्या आवाजात म्हणाले, "रहमतभाई घोरून राह्यले."

सगळे गप्प झाले. नुसता पंखा फिरत राहिला. चाचांची पापणी हलली, एक डोळा उघडला. "काय झालं? थांबले काहून?"

भगवानरावच आधी भानावर आले. त्यांना परवा सरळ बाह्यांचा कोट हवा होता. "मधानं काही होत नाही, मी सांगतो!" ते ओरडले.

"कसं नाही होत?" नाहिदनं लगेच वाद पुढे ओढला.

डोळा मिटला.

तासभर तिघं भांडत राहिले. तूप संपलं, मध संपला, कोमट पाणीही संपलं. भगवानरावांचा घसा बसला. शेवटी नाहिद दमून म्हणाली, "जाऊ द्या, अम्मी. तुमचंच बरोबर हाय. चूर्णच द्या."

दिवाणावरचं घोरणं अडखळलं.

हुस्नाबीनं झटकन सुनेच्या तोंडावर हात ठेवला. "खबरदार मानलं त!" ती कुजबुजली. मग पदर खोचून, चांगला मोकळा आवाज लावून म्हणाली, "चूर्ण? मी जिती असेपर्यंत या घरात चूर्ण येनार नाही. मी आता अर्कवाली. बोल!"