‘गेला’ म्हणायचं न्हाय!

आमच्या लोहाऱ्यात बसाप्पाअण्णांच्या किराणा दुकानात कुठलीही वस्तू कधी संपत नाही. ती वाढते. दुकान बंद करण्याला आपण सगळेच ‘दुकान वाढवणं’ म्हणतो, बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणतो. अण्णांनी हा कारभार पार साखर-मिठापर्यंत नेला. एखाद्या नवख्या गिऱ्हाईकानं साखर मागितली, की अण्णा हात जोडून सांगत, “साखर वाढली.”

“कितीनं?” गिऱ्हाईक घाबरून विचारी.

“सगळीच,” अण्णा म्हणत.

एका बाजारच्या दिवशी ही बातमी गावभर फिरली आणि समोरच्या दुकानदारानं खरोखरच साखरेचा भाव चढवला. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. अभद्र शब्द तोंडातून गेला नाही, एवढ्यावर ते खूश होते.

मी त्यांचा शेजारी, इथल्याच शाळेत मास्तर. त्यांच्या या व्रताचा सगळ्यात जास्त ताप मला झालाय. त्यांच्यासमोर वीज जाऊ शकत नाही. “लाईट गेली” म्हटलं की अण्णा डोळे वटारून दुरुस्त करतात, “लाईट यायची हाय, म्हणा.” आमच्याकडच्या लाईटीला हे इतकं लागू पडतं, की आता आख्खी गल्ली तसंच म्हणते. स्टँडवरून लातूरची गाडी सुटली असेल तर ती ‘पुढं झाली’. आणि दुकानाच्या पायरीवरून ‘जातो’ म्हणून उतरायची कुणाची बिशाद नव्हती. साबणाचा एक विक्रेता एकदा ‘बरंय, जातो’ म्हणून निघाला, तर अण्णांनी त्याला रस्त्यातून परत बोलावलं. “येतो म्हणा.” तो बिचारा म्हणाला, “अहो, माझी बदली झालीय, मी आता येणारच नाही.” अण्णा म्हणाले, “येऊ नका की. आमी कुठं म्हणतोय या म्हणून? पर येतो म्हणून निघा.”

माणसांच्या बाबतीत तर फारच कठीण. एकदा सकाळी मला म्हणाले, “गुरुजी, आपले टपालवाले दादा लांबच्या गावाला लागले.” मला वाटलं, म्हातारपणी मुलाकडं राहायला गेले. मी विचारलं, “कुठं, ढोकीला?”

“त्याच्याबी पुढं,” अण्णा म्हणाले आणि डाळ जोखायला लागले. दुपारी दादांची अंत्ययात्रा माझ्याच दारावरून निघाली तेव्हा मला उलगडा झाला.

या सगळ्याला आम्ही हसायचो. शिवूचं झालं तेव्हापासून मात्र कुणाला हसू येईना.

शिवू म्हणजे शिवकुमार, अण्णांचा एकुलता एक मुलगा. कोकणात रस्त्याच्या कामावर सुपरवायझर होता. सुट्टीच्या दिवशी दोस्तांबरोबर समुद्राकाठच्या कातळावर गेला. एक मोठी लाट आली. बाकीच्यांनी कशालातरी धरलं, शिवूला काही धरता आलं नाही. मासेमारीच्या होड्या शोधत फिरल्या, पोलीस फिरले. काही सापडलं नाही. अण्णा तिकडं जाऊन किनाऱ्यावर बसून राहिले. शेवटी पोलिसांनी कागदावर ‘बेपत्ता’ लिहिलं, आणि तो शब्द घेऊन अण्णा घरी आले. हा शब्द त्यांच्या अभद्र शब्दांत नव्हता.

“बेपत्ता म्हंजी काय, गुरुजी?” ते मला समजावून सांगायचे. “पत्ता न्हाय, एवढंच. माणूस हाय.”

आता आमच्याकडं अंत्यविधीला जाण्याला ‘मातीला जाणं’ म्हणतात. अण्णा लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात, आणि आलेला प्रत्येक जण त्याच्यावर मूठभर माती देतो. त्या मूठमातीशिवाय माणूस पोचत नाही अशी त्यांची भावना. शिवूची माती झालीच नाही. त्यामुळं कुणी मातीला आलं नाही, नंतर दुखवट्याला बसायला यायचं तर काय म्हणून यायचं, हेही कुणाला कळेना. सुरुवातीला दोघंतिघं तोंड पाडून दुकानात गेले, तर अण्णांनी त्यांना “काय देऊ?” म्हणून विचारलं आणि पाव किलो शेंगदाणे बांधून दिले.

घरात गौराअक्का, अण्णांची बायको, आतल्या आत जळत होती. “पोरगं उघड्यावर पडलंय, गुरुजी,” ती मला म्हणायची. “मठातले सामी म्हनले, शरीर न्हाय तर न्हाय, तिथं जाऊन मूठभर माती द्या, पोचंल. पर ह्यांच्यापुढं बोलायची सोय हाय का?” सोय नव्हतीच. तिनं एकदा विषय काढला होता, तेव्हा अण्णा भरल्या ताटावरून उठले होते.

अशी दीडेक वर्षं गेली. मग दिवाळीच्या सुट्टीत अण्णा एकाएकी माझ्याकडं आले. “चला गुरुजी, समुद्र बघून येऊ.” त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की त्याच किनाऱ्यावरून आता पर्यटकांची नाव सुटते आणि कड्यांच्या खालून फिरवून आणते. “मागल्या बारीला त्या अंगाला जाता आलं न्हवतं. तेवढं बघायचं ऱ्हायलंय.”

इतक्या दिवसांनी ते मुलाला शोधायला निघाले होते. निघायच्या आधी अक्का मागच्या दारानं आली आणि माझ्या हातात एक गाठोडं दिलं. शेतात अण्णांच्या वडिलांची समाधी आहे, तिथली काळी माती होती. “त्यांना दावू नका. ते तिकडं बघत असताना टाका हळूच,” ती म्हणाली. नवरा मुलाला शोधणार आणि मी त्याच्या पाठीमागं मुलाला पुरणार. माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड सामान कधी वाहिलेलं नाही.

सोलापूरपर्यंत जीप, पुढं एसटी, असे आम्ही पोचलो. धक्क्यावर नावेत बसताना सगळ्यांना केशरी जाकिटं दिली. अण्णांनी ते सदऱ्यावर उलटं चढवलं आणि नाववाल्याला गंभीरपणे विचारलं, “ही नाव कधी वाढली तर न्हाय ना?”

“नाय हो काका,” नाववाला म्हणाला. “पयल्यापासून एवढीच आहे.”

नावेत दहा-बारा माणसं होती. पुण्याचं नवं लग्न झालेलं जोडपं फोनवर शूटिंग करत होतं. कोल्हापूरच्या एक बाई नाव सुटायच्या आधीच देवाचं नाव घेत होत्या. मिरजेचे एक म्हातारे चाचा सुनेला आणि नातवंडांना घेऊन आले होते. नाववाल्यानं दरडावलं, उभं राहायचं नाही, कचरा पाण्यात टाकायचा नाही, आणि नाव निघाली.

खोटं कशाला बोलू, देखावा फार सुंदर होता. एका बाजूला उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सरळ उभे काळे कडे. नाववाला दाखवत होता, हा बघा कासवासारखा खडक, ती बघा गुहा, नशीब असेल तर डॉल्फिन दिसेल. सगळे त्याच्या बोटाकडं बघत होते. अण्णा एकटे पाणी जिथं कातळाला लागतं तिथं बघत होते. एक एक कपार, एक एक फट. मी मांडीवरचं गाठोडं धरून बसलो होतो. ते पाठमोरे झाले की टाकायचं, असं मी तीनचारदा ठरवलं आणि माझा हात उठला नाही.

नाव एका टोकाला वळसा घालून पलीकडं गेली. अण्णांना बघायची राहिलेली बाजू हीच. कडा इथं सर्वांत उंच होता आणि खाली लाटा अशा फुटत होत्या की आमचं बोलणं ऐकू येईना. अण्णांनी नाववाल्याला ओरडून विचारलं, “हितं माणसाला आधार घ्यायला कुठं जागा हाय का वो?”

“तिथं?” नाववाला हसला. “तिथं खेकडा पण टिकत नाय, काका.”

अण्णा तो कडा तळापासून वरपर्यंत बघत राहिले. मग माझ्याकडं न वळताच त्यांनी हात मागं केला. “काढा, गुरुजी. हिनं दिलंय ते काढा.”

त्यांना ठाऊक होतं. एसटीत गाठोडं मांडीवर घेऊन झोपणाऱ्या माणसाला ओळखायला काय लागतं! मी गाठ सोडली. अण्णांनी मूठ भरली आणि हात नावेबाहेर काढला.

“ओ काका!” नाववाला खेकसला. “कचरा टाकायचा नाय म्हणून सांगितलं ना मघाशी?”

“कचरा न्हाय.”

“मग काय आहे ते?”

“माती हाय.”

“माती कशाला टाकताय समुद्रात?”

सगळी नाव अण्णांकडं बघायला लागली. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी दुसऱ्या हातानं माझा गुडघा दाबून मला थांबवलं. त्यांचे ओठ दोनदा हलले. तो शब्द त्यांनी म्हणू नये असं मला मनापासून वाटलं. इतकी वर्षं मी ज्याला हसलो होतो तो त्यांचा सगळा आटापिटा मोडून पडताना मला बघवणार नव्हतं.

“माझा पोरगा गेलाय हितं,” अण्णा म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “गेला माझा पोरगा.”

नाववाल्यानं इंजिन बंद केलं. नाव नुसतीच हेलकावे खायला लागली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि खाली मान घालून म्हणाला, “सुपरवायझर ना? तेव्हा आमची पण होडी होती शोधायला, काका.”

अण्णांनी मूठ सोडली. काळी माती पाण्यावर क्षणभर पसरली आणि विरघळली. त्यांनी मला खूण केली, मी दिली. मग मिरजेचे चाचा नातवंडांना बाजूला सारून, बाकं धरत धरत आमच्यापर्यंत आले. “मिट्टी देने का है क्या, भाई?” त्यांनी विचारलं. अण्णांनी मान हलवली. चाचांनी एकापाठोपाठ तीन मुठी दिल्या, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले. नाववाल्यानं हात पुढं केला. कोल्हापूरच्या बाई उठल्या. पुण्याच्या पोरानं फोन कधीच खिशात घातला होता. माती पुरावी म्हणून शेवटी शेवटी मी चिमूट चिमूट देत होतो. उभं राहायचं नाही हा नियम कुणाच्याच लक्षात नव्हता, नाववाल्याच्यासुद्धा.

धक्क्यावर उतरल्यावर अण्णांनी अक्काला फोन लावला. घरी ते दोघं कानडी बोलतात. सीमेवर राहून मलाही ती कळते. फोन उचलल्यावर पहिल्यांदा बराच वेळ दोन्हीकडून नुसतं रडणं होतं. मग अण्णा म्हणाले, “भाळ मंदी बंदिद्रू.” लई माणसं आली होती मातीला.

पलीकडून अक्कानं विचारलं असणार, कोण कोण आलं होतं. अण्णा गडबडले. त्यांना एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. फोन कानाला तसाच धरून ते जाकिटं काढणाऱ्या लोकांकडं गेले आणि चाचांना म्हणाले, “तुमचं नाव काय म्हनायचं?” चाचांनी सांगितलं. अण्णांनी ते फोनमध्ये सांगितलं, गावासकट. मग नाववाल्याचं, मग कोल्हापूरच्या बाईंचं. पुण्याच्या त्या नव्या नवरीला रडताना आपलं नाव धड सांगता येईना. अण्णा तिच्यापुढं थांबून राहिले, आणि तिनं सांगितल्यावर तेही लोहाऱ्याला नीट ऐकू जाईल असं सावकाश सांगितलं.