बर्फावरची रायफल

सासऱ्यांची रायफल मी सुधारून दाखवतो, असं पद्माकर जेवताना बोलून गेला आणि फसला. तो मूळचा पुण्याचा, बंगळूरला एका सरकारी कारखान्यात इंजिनियर, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासरे जयसिंगराव चामराजपेटेत पिढ्यान् पिढ्या मुरलेले. कागदावर रेघा ओढणारा माणूस त्यांच्या लेखी कारकूनच. रायफल क्लबच्या स्पर्धेत मात्र गेली दोन वर्षं त्यांच्या गोळ्या निशाण सोडून भलतीकडेच जात होत्या.

"लोखंड लाकडात घट्ट बसत नाहीये," पद्माकरनं निदान केलं. "लाकडी दस्त्याच्या खाचेत लुकण भरतो, ते वाळून दगडासारखं होतं. मग लोखंड तसूभर हलणार नाही."

"सरी, ठीक आहे," सासरे म्हणाले. "मी शुक्रवारी तुमकूरला चाललो, रविवारी स्पर्धा. स्वल्प जपून, जावईबापू. मुलगी देतानासुद्धा एवढं सांगितलं नव्हतं."

शुक्रवारी पद्माकर सासरीच कामाला बसला. रायफल सुटी केली, दस्त्याची खाच कोरली आणि लुकण लोखंडाला धरू नये, सफाईसाठी ते पुन्हा काढता यावं म्हणून लोखंडावर सगळीकडे मेण फासलं. मग तो हात धुवायला गेला आणि गप्पांत रमला. तेवढ्यात सासूबाईंनी, अहल्याबाईंनी, ते मेणचटलेलं लोखंड पाहिलं. जावयाचे कष्ट वाचावेत म्हणून त्यांनी ते सोड्याच्या कढत पाण्यानं घासून, जुन्या लुगड्यानं कोरडं केलं. परतल्यावर पद्माकरला वाटलं, मेणाला काय चकाकी आली आहे! त्यानं लुकण भरलं, लोखंड बसवलं आणि स्क्रू आवळले.

शनिवारी सकाळी लोखंड लाकडातून निघेना. ठोकलं, ओढलं, गुडघ्यांत धरून पिळलं. सोड्याची हकिगत सासूबाईंकडून तेव्हा कळली.

थंडीनं लोखंड आकसतं, एवढाच आधार उरला होता. बाजारातून हातगाडीवर बर्फाच्या दोन लाद्या आणल्या, व्हरांड्यात लांबीनं जोडून ठेवल्या, त्यांवर रायफल, वर भुसा आणि ऊन लागू नये म्हणून पांढरी चादर. पद्माकर शेजारी डोकं धरून बसला.

समोरच्या मालनबाईंनी खिडकीतून बर्फ पाहिला, चादर पाहिली, जावयाचा चेहरा पाहिला. अशा वेळी विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी न विचारताच गल्लीभर सांगितलं. तासाभरात चपला बाहेर काढून माणसं जमली. रायफलची बातमी फुटली, अशी पद्माकरची समजूत.

"काल संध्याकाळपर्यंत सगळं छान होतं," तो प्रत्येकाला सांगत होता. "सकाळी पाहतो तर हलेना. चूक माझीच." बायका डोळे पुसत होत्या. कुणीतरी हार आणायला गेलं.

त्याच वेळी जयसिंगरावांचा टांगा दारात आला. जावई समोर दिसत होता, मुलगी जमलेल्यांना पाणी देत होती, स्वतःची बायको मात्र कुठेच दिसत नव्हती. ते पायरीवर बसले आणि त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"अहल्या, तीस वर्षं तुझ्या हातचं जेवलो," ते चादरीकडे पाहत म्हणाले. "बरं झालंय, एवढंसुद्धा कधी म्हणालो नाही गं."

अहल्याबाई कॉफीचा लोटा घेऊन आतून दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला थांबवलं नाही. ते बोलत राहिले; तिच्या सारावर, तिच्या गाण्यावर, म्हैसूरच्या दसऱ्याला तिला न नेल्यावर. तो विषय संपल्यावरच त्या म्हणाल्या, "अहो, कॉफी गार होतेय."

मग चादर उचलली गेली. लोखंड अजून तसूभर हललं नव्हतं. पण गल्लीसमोर एवढं बोलून बसल्यावर जयसिंगरावांना कुणावरच ओरडता येईना. त्यांनी कॉफी घेतली आणि "बरं झालंय," असं पुटपुटले.

रविवारी त्यांनी तीच चिकटलेली रायफल उचलून नेली. पाचही गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या. घरी येऊन त्यांनी प्रथमच जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

"सगळा क्लब विचारत होता, काम कुणाचं. मी तुमचं नाव सांगितलं. पुढच्या रविवारी सात जण आपापल्या रायफली घेऊन येतायत."

पद्माकरनं सोमवारी कारखान्यात जाऊन पंधरा दिवसांची रजा टाकली आणि पुण्याची दोन तिकिटं काढली.