फोन लागतोय ना?

चपलांच्या कपाटामागे अर्धा शिरलेला फोल्कमार त्साइडलर ओरडला, "रोसविथा, हिरवा दिवा लागला का?"

"लाल आहे. आणि तुझी विजार उसवलीये."

लाइपझिगच्या वसाहत-बागेत, म्हणजे शहरातल्या लोकांना भाड्याने मिळणाऱ्या बागेत, टोमॅटो लावायला वाफा मिळावा म्हणून त्साइडलर वर्षानुवर्षं यादीत ताटकळत होता. आता त्याचा नंबर लागला होता. बागमंडळाचे अध्यक्ष श्री. क्नोब्लोख आज संध्याकाळपर्यंत फोन करणार होते. फोन उचलला नाही, तर वाफा यादीतल्या पुढच्या माणसाला. मंडळाचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि नेमकी आजच सकाळी कंपनीने जुनी लाइन बंद केली होती. आता कपाटामागच्या नव्या डिजिटल डब्यावर, म्हणजे राउटरवर, फोन जोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"कंपनीचा माणूस बोलाव ना," रोसविथा म्हणाली.

"माणूस पुढच्या गुरुवारी येतो! आणि यात आहे काय एवढं? नंबर दोन, फोन दोन."

नंबर दोन होते हे खरं. एक खालचा, एक वरच्या मजल्यावरच्या सासूबाईंचा. पहिल्या फटक्यात खालचा नंबर वर वाजला. सासूबाई ओटिलियेंनी काठीने जमीन ठोकली. "दुपारच्या विश्रांतीच्या वेळी फोन? जनाची नाही, तर मनाची तरी!"

त्याने अदलाबदल केली, तर दोन्ही फोन एकदम वाजले. काठी पुन्हा वाजली. शेवटी एकदाचं सगळं जागेवर बसलं. मग त्याला डब्याच्या सेटिंगमध्ये आणखी एक कलम सापडलं: खालची लाइन एंगेज असेल, तर फोन वर वळवायचा. त्याने तेही लावून टाकलं. अर्धवट काम त्याला सोसत नसे.

मग तो मोबाइल घेऊन न्हाणीघरात गेला. स्वयंपाकघरातला फोन खणखणला.

"हॅलो," रोसविथा म्हणाली.

"मी बोलतोय. ऐकू येतंय?"

"दोन्ही कानांनी. फोनमधूनही आणि दारातूनही."

पण फोन गप्प राहिला की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. लाइन मेली तर नसेल? मग गच्चीतून फोन, जिन्यातून फोन, तळघरातून फोन. "आता उचलणार नाही हं मी!" रोसविथा म्हणायची आणि उचलायची.

अंधार पडायला लागला, तरी क्नोब्लोखांचा पत्ता नव्हता. आयुष्यभराचे टोमॅटो हातचे गेले असं वाटून त्साइडलरला अगदी रडू येऊ लागलं. न राहवून त्याने स्वतःच फोन लावला.

"अहो, वाफा तर दिला!" क्नोब्लोख म्हणाले. "तुमचा फोन सारखा एंगेज. पण आपोआप कुठेतरी वळला आणि एका बाईंनी उचलला. काय खणखणीत बोलतात हो! लगेच हो म्हणाल्या."

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. "आई! वाफा कोणाच्या नावावर घेतलात?"

"ज्याने फोन उचलला त्याच्या," सासूबाई म्हणाल्या. "माझंही नाव होतंच की यादीत, तुझ्याच खाली. तुझी लाइन लागेना, म्हणून फोन माझ्याकडे वळला. मी कशाला नाही म्हणू?"

त्साइडलर खाली येऊन खुर्चीत कोसळला. रोसविथाने कॉफी पुढे केली. तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. नव्या लाइनवर त्याने स्वतः न केलेला हा पहिलाच फोन. त्याने झडप घातली.

"हॅलो! त्साइडलर!"

"वरून बोलतेय. उद्या रविवार, मंडळाच्या नियमाने बागेत खणता यायचं नाही. सोमवारी कामावरून परस्पर कुदळ घेऊन ये. मला कोबी लावायचाय. टोमॅटो मला सोसत नाहीत. आवाज नीट येतोय ना रे?"

"स्वच्छ येतोय, आई," त्साइडलर म्हणाला.