व्हायोलाची हजामत

खऱ्या कारागिराचा हात कुठंही चालतो, असं सलूनवाल्यांचं तीस वर्षांचं ठाम मत होतं. ते बुधवारी सकाळी साडेनऊला बदललं.

बायको चार दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. जाताना अंगणातला व्हायोलाचा वाफा दाखवून बजावून गेली होती, "ही रोपं थंडीत टिकतात, वर्षानुवर्षं टिकतात, तुमच्या हातात चार दिवस टिकू देत. नुसती सुकलेली फुलं खुडा. रविवारी परीक्षक येणारेत."

बागस्पर्धेत तीन वर्षं तिचा दुसरा नंबर येत होता. पहिला शेजारच्या वकीलबाईंचा. दर वर्षी बाई सांत्वनाला येत आणि येताना ढाल बरोबर आणत.

सलूनवाल्यांनी एक सुकलेलं फूल खुडलं. तिथं खड्डा दिसला, म्हणून डावीकडून थोडं घेतलं. मग डावी बाजू उतरली, म्हणून उजवीकडून. समोरून बरोबर वाटलं तेव्हा मागून जड वाटू लागलं. हात थांबला तेव्हा वाफ्यात दोन बोटं उंचीचे खुंट उरले होते. कट मात्र एकसारखा होता.

त्यांनी नर्सरीवाल्याला फोन लावला.

"मुळं शाबूत आहेत ना? मग तीन आठवड्यांत दुप्पट फुलतील."

"रविवारपर्यंत काही?"

"विग लावा," नर्सरीवाला म्हणाला आणि फोन ठेवला.

तो चेष्टेनं बोलला होता. सलूनवाल्यांना तो धंद्यातला सल्ला वाटला. सलूनच्या आरशापुढे जांभळ्या व्हायोलाची प्लॅस्टिकची फुलं बारा वर्षं उभी होती. ती आणून त्यांनी हेअरपिनांनी एकेका खुंटावर बसवली.

शनिवारी बायको आली. वाफ्यापाशी वाकली आणि एक पिन उपसून उभी राहिली.

"अहो, हे काय?"

"विग."

तिनं वाफ्याभोवती एक फेरी मारली. कुंपणापलीकडे वकीलबाई पाणी घालता घालता गुणगुणत होत्या.

"मागं विरळ दिसतंय," बायको हळूच म्हणाली. "आणखी आहेत?"

रविवारी परीक्षक आले. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर, चष्मा जाड. ते वाफ्यावर वाकले, तसा सलूनवाल्यांनी श्वास रोखला. मास्तरांनी मात्र दीर्घ श्वास घेतला.

"व्हायोलाला इतका वास? चाळीस वर्षांत कधी आला नाही."

बारा वर्षं ती फुलं दाढीनंतरच्या लोशनच्या बाटलीला टेकून उभी होती.

पहिला नंबर आला. वकीलबाई विचारायला आल्या, "खत कुठलं हो?"

"ह्यांना विचारा," ढाल पुसत बायको म्हणाली.

"खत नाही," सलूनवाले म्हणाले. "मसाज."

तीन आठवड्यांनी मास्तर एक रोप मागायला आले. वाफा दुपटीनं फुलला होता. ते वाकले, दोनदा हुंगलं, चष्मा पुसून पुन्हा हुंगलं.

"मागच्या वेळची सर नाही," म्हणाले आणि रोप न घेताच गेले.

या वेळची फुलं खरी होती.