काळी दोनच्या जागी काळी एक

मी कुठलंही यंत्र उघडू शकतो! चंदीगडला आल्यापासून तीन वर्षांत मी घरचा मिक्सर, घरचा गीझर आणि शेजारच्या जसबीर आंटींचा कूलर उघडला आहे. परत बंद करण्याबद्दल मी कधी काही बोललेलो नाही, आणि सभ्य माणसं ते विचारतही नाहीत. शिवाय मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणजे अधिकार आहेच.

त्यामुळे रविवारी दुपारी सुनेत्रा जेव्हा म्हणाली, "अहो, कीबोर्डचे मधले दोन सूर वाजतच नाहीत," तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर घेऊनच उठलो.

"राहू द्या हो! सहाला कार्यक्रम आहे. मी ते दोन सूर टाळून वाजवीन."

तिचं घाबरणं साहजिक होतं. मिरजेला तिला साथीच्या कार्यक्रमांतून फुरसत नसायची. माझ्या नोकरीपायी ती इकडे आली, पेटी तिकडेच राहिली, आणि इथल्या मराठी मंडळाने तीन वर्षं तिला फक्त उकडीच्या मोदकांसाठी बोलावलं. आज पहिल्यांदाच साथीला बोलावलं होतं, तेही डॉक्टर शशिकांत यांच्या गाण्याला. आज फजिती झाली की पुन्हा मोदकच!

"अर्ध्या तासाचं काम!" मी म्हणालो. ती स्कूटर काढून लेकीला, ईश्वरीला, सेक्टर चौतीसच्या क्लासमधून आणायला गेली, आणि मी एकूण छत्तीस स्क्रू काढले.

आत पाच काळ्या रबरी पट्ट्या होत्या. बटण दाबलं की पट्टीवरचा फुगवटा खालच्या सर्किटला टेकतो आणि सूर निघतो. मध्ये धूळ बसली की टेकत नाही. सोपं! कान कोरायच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून मी सगळं लख्ख पुसलं आणि वाजवून पाहिलं. ते दोन मुके सूर चक्क बोलायला लागले! फक्त शेजारचे चार किंचाळायला लागले. हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज एकच, भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा!

मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'कीबोर्ड साफ केल्यापासून सूर फार चढतात. तातडीने उपाय सुचवा.' दोनच मिनिटांत फोन! साक्षात डॉक्टर शशिकांत!

"देवदत्तराव, वहिनी फोन उचलत नाहीत. फार वर जातंय हो. पट्टी बदलायला हवी."

"मलाही पट्टीचाच संशय होता! कुठली बदलू?"

"काळी दोन नको. काळी एक घ्या."

"काळी दोनच्या जागी काळी एक?"

"अगदी बरोबर!"

"लगेच बसवतो."

"तुम्ही बसवता? वा! छुपे रुस्तम निघालात!"

आता एवढा मोठा सर्जन सांगतोय म्हटल्यावर शंका कशाला? डावीकडून पहिली पट्टी काढून दुसरीच्या जागी लावली. ती एका बटणाने लांब निघाली. कात्रीने तो प्रश्न सोडवला. दुसरी पट्टी पहिलीच्या जागी काही केल्या बसेना, तिला चिकटपट्टी लावली. मग वाजवलं. किंचाळणं थांबलं होतं. कारण वाजणंच थांबलं होतं!

पाच वाजता मायलेकी आल्या. ईश्वरी दारातच ओरडली, "पापा, ये तो हड़प्पा की खुदाई लग रही है!"

मी डॉक्टरांचा सल्ला सांगितला. सुनेत्रा मटकन खाली बसली.

"अहो, पट्टी म्हणजे गाण्याची पट्टी! त्यांचा घसा बसला असणार, म्हणून खालच्या सुरात गाणार. काळी एक म्हणजे पहिल्या काळ्या बटणाला सा धरायचा. तुम्ही मला नुसता निरोप द्यायचा होता!"

"मग कात्री..."

"कात्री?!"

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "जाऊ दे. नारळ आहे ना घरात? मोदकच करते." आईशप्पथ, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ईश्वरी म्हणाली, "मम्मा, जसबीर आंटी के पास वाजा है ना!" पेटीला इकडे वाजा म्हणतात. मी धावलो, मागोमाग ईश्वरीही. आंटींनी पेटी लगेच काढली, पण माझ्या हातात देईनात.

"वाजा लै जाओ जी, आपका ही है। पर भाईसाहब इसे हाथ नहीं लगाएँगे, पक्का?"

पक्का! पेटी ईश्वरीने उचलली, मी मागून हात खिशात घालून चाललो.

आणि सुनेत्रा काय वाजवत होती म्हणून सांगू! डॉक्टर तिसऱ्या गाण्यात मधेच थांबले आणि हाताने तिला 'चालू द्या' म्हणाले. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मला सुरातलं काही कळत नाही, पण माझा ऊर भरून आला. शेवटी डॉक्टरांनी माइकवरूनच जाहीर केलं, "यापुढे माझ्या साथीला वहिनीच! पण पेटीच हवी हं, तो कीबोर्ड नको."

घरी येताना मी समजुतीने म्हणालो, "उद्या सकाळी परत बसतो. ती पट्टी..."

सुनेत्राने भर रस्त्यात माझा हात घट्ट धरला. "नको हो! चुकून दुरुस्त झाला तर?"

माझ्या हातून एखादी वस्तू चुकून का होईना, दुरुस्त होऊ शकते, असा विश्वास तिने लग्नानंतर पहिल्यांदाच दाखवला!