अमेरिकेतली अर्धी कुस्ती, निकाल सणसरला

मानसिंगच्या अंगात ताकद नव्हती, पण माहिती भरपूर होती. पेपरातल्या खेळाच्या बातम्या कापायच्या आणि खळ लावून वहीत चिकटवायच्या, हाच त्याचा व्यायाम. सत्त्याण्णव साल निम्मं सरलं तोवर वही उशीएवढी फुगली. सोळा वर्षांची पोरगी टेनिसमध्ये जगात पहिली आली, एकवीस वर्षांच्या पोराने गोल्फची मोठी स्पर्धा मारली, सगळं त्यात होतं. (गोल्फ कशाशी खातात ते मात्र मानसिंगला ठाऊक नव्हतं.)

सासरे मोहनराव या वहीला भीक घालत नसत. ते डाळजचे जुने पैलवान. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सणसरला आले की जावयाचा दंड चाचपून ते लेकीला विचारत, "सारजे, ह्यास्नी जेवाया घालतीस का न्हाय?" एकदा तरी मामांनी चारचौघांत आपल्याला 'गडी हाय' म्हणावं, एवढीच मानसिंगची इच्छा होती.

म्हणून जूनमधल्या एका रविवारी, अमेरिकेतली बॉक्सिंगची मोठी लढत केबलवर दिसणार म्हटल्यावर त्याने मामांना बोलावून घेतलं. समजावणारे आपण, ऐकणारे मामा! या नुसत्या कल्पनेने त्याला रात्रभर झोप लागली नाही.

मोहनराव फेटा बांधून टीव्हीपुढे बसले.

"हातमोजं कशापायी? लई थंडी हाय का तितं?"

"मामा, ह्यात ठोसं मारत्यात."

"आन् पाठ कवा लावत्यात?"

"पाठ न्हाय लावत."

"मग निकाल कसा लागतूय?"

मानसिंग नियम सांगू लागला, तेवढ्यात तिसऱ्या फेरीत एकाने दुसऱ्याच्या कानाचा तुकडाच तोडला. चावणारा बाद झाला आणि लढत तिथंच थांबली.

मोहनराव ताडकन उठले. "कुणाचीच पाठ लागली न्हाय! आरं, कुस्ती अशी अर्धी सोडत्यात व्हय?"

इथे मानसिंगने चहा मागवायला हवा होता. पण घरचं मैदान बघून त्याला जोर चढला. "मी आसतो तर त्या चावणाऱ्याला दोन मिंटात चीत केला आसता."

"मग उठा, जावईबापू."

"आबा, गुडघा सांभाळा!" आतून सारजा ओरडली. (नवऱ्याने काय सांभाळावं, ते ती बोलली नाही.)

मोहनरावांनी फेटा उतरवला, फरशीला हात लावून कपाळाला लावला आणि रीतसर सलामी दिली.

"खोटं खोटं बरं का, मामा," मानसिंग म्हणाला.

"कुस्तीत खोटं काय नस्तंय," म्हणत मामांनी डाव टाकला, तो थेट कानावर.

मानसिंगची किंकाळी कारखान्याच्या भोंग्यावर मात करून गेली. मामा मागे सरकले तेव्हा त्यांच्या तोंडातले पुढचे चार दात गायब होते आणि ते मानसिंगच्या कानाला लोंबत होते. लहानपणी त्याचे कान टोचलेले होते. त्या भोकात मामांच्या कवळीची तार जाऊन बसली होती आणि ओढावी तसा मानसिंगचाच जीव जाई.

दोघे तसेच एसटीत बसले. बारामतीपर्यंत मामांनी कवळी हाताने उचलून धरली होती. कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता विचारलं, "काय झालं हो?"

"कुस्ती सुटंना," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी तार कापायला पक्कड घेतली तेव्हा मोहनराव आडवे पडले. "डागदर, कवळी नवी हाय! कान जुना हाय, काय करायचं त्ये तितं करा." शेवटी डॉक्टरांनी तेल लावून ती अर्ध्या तासाने सोडवली.

संध्याकाळी दोघे परतले तेव्हा दारात निम्मं सणसर जमलं होतं. मोहनरावांनी कवळी बसवली, बँडेज बांधलेल्या जावयाच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हितनं बारामतीपातूर कळ सोसली, पर मला सोडून पळाला न्हाय. गडी हाय माझा जावई!"

नऊ वर्षांचं सार्थक झालं. मानसिंगचे डोळे भरून आले आणि तो लोकांकडे बघत छाती काढून उभा राहिला.

सारजा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "पळंल कुठं, आबा?" ती म्हणाली. "कान तुमच्या हातात व्हता की."